नागीण गेली, आग राहिली

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. सकाळची थंडी अजून ओसरली नव्हती आणि माझ्या दवाखान्याच्या बाकावर एक गृहस्थ उघड्या अंगाने बसले होते. वय अडुसष्ट, एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. सदरा घडी करून मांडीवर ठेवलेला. आत आल्यावर बरोबरचा मुलगाच आधी बोलला, ''डॉक्टर, चार महिन्यांपूर्वी बाबांना नागीण झाली होती. फोड वाळले, खपल्याही पडल्या. पण आता म्हणतात, बनियन लागलं की आग होते. पंख्याचा वारा सोसत नाही. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं का?''

वडील मान खाली घालून ऐकत होते. ''मला वेड लागलेलं नाही,'' एवढेच ते म्हणाले.

मी कापसाच्या बोळ्याची बारीक वात केली, त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि छातीच्या डाव्या बाजूवरून ती हलकेच फिरवली. गृहस्थ कळवळले. मग त्याच जागी तळहात घट्ट दाबून धरला. त्याचा मात्र त्रास नव्हता. टाचणीचे टोक लावले, तर काही ठिकाणी टोचलेले कळतच नव्हते. उजव्या बाजूला सारे व्यवस्थित. कापसाने दुखते आणि तळहाताने दुखत नाही, हे घरच्यांना ढोंग वाटते. डॉक्टरच्या दृष्टीने मात्र मज्जातंतू दुखावल्याची हीच खूण असते.

एक कबुली देतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वृद्ध बाईंनी मला असेच सांगितले होते. ''पदर सरकला तरी निखारा फिरवल्यासारखं वाटतं,'' असे त्या म्हणत. मी जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आणि मन रमवण्याचा सल्ला दिला. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचे खरे होते, चूक माझी होती.

नागीण म्हणजे काय?

लहानपणी कांजिण्या आल्या की त्यांचा विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या गाठी असतात, तेथे तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय झाले किंवा प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून फोड पट्ट्यासारखे आणि बहुधा एकाच बाजूला उठतात. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे.

फोड बरे होतात, पण वाटेतला मज्जातंतू भाजून निघालेला असतो. तीन महिन्यांनंतरही दुखणे राहिले, तर ते या मज्जातंतूचे दुखणे समजावे. साठीनंतर याचा धोका वाढतो.

विचित्र वाटणाऱ्या खुणा

घराच्या बेलची वायर खराब झाली, की दारात कोणी नसताना बेल वाजते. दुखावलेला मज्जातंतू तसाच कारणावाचून निरोप पाठवतो. त्यातून वीज चमकल्यासारखी कळ, आग आणि मुंग्या येतात. असे निरोप सतत आले की मज्जारज्जूतील यंत्रणाही हळवी होते. मग स्पर्शाचा साधा निरोप पुढे वेदना म्हणून पोचतो. कपडा, वारा, नातवाचा हात, कशानेही कळ उठते. याला अ‍ॅलोडिनिया म्हणतात.

जागा बधिर असूनही ठणकते, कारण बाहेरची खबर आत पोचत नाही, पण आतली घंटा वाजतच असते. काहींना तिथे असह्य खाज सुटते आणि बधिर कातडी खाजवून जखम होते.

हे दुखणे आजचे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) डॉ. सायलस वियर मिचेल यांनी गोळी लागून मज्जातंतू दुखावलेले सैनिक तपासले. जखमा भरल्या तरी हातापायांची आग थांबत नव्हती. ते हात ओल्या फडक्यात ठेवत, बुटात पाणी ओतत. वर्तमानपत्राची सळसळसुद्धा त्यांना सोसत नसे. १८७२ साली मिचेल यांनी हे सारे ग्रंथात नोंदवले. लढाईवरून आलेले ते जवान काही नाटकी नव्हते.

मधुमेहातही मज्जातंतू बिघडतात, पण तेथे त्रास दोन्ही पावलांत सुरू होतो. रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते, चप्पल निसटलेली कळत नाही. अशांनी रोज रात्री तळपाय पाहावेत. कातडीवर फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. प्लास्टर काढल्यावर हात सुजला, रंग बदलला, घाम येऊ लागला आणि दुखणे वाढतच गेले, तर तेही अंगावर काढू नये.

उपाय काय?

नागिणीवर गेरू लावण्यात आणि उतरवून घेण्यात मोलाचे दिवस जातात. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. दृष्टीला धोका असतो. कानात फोड येऊन तोंड वाकडे झाले तरीही थांबू नये.

मागे राहिलेल्या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. उलट त्या महिनोन्‌महिने घेतल्यास पोट आणि मूत्रपिंड बिघडते. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन ही औषधे येथे कामी येतात. पहिले औषध नैराश्यावरही देतात, त्यामुळे 'मला वेड्याची गोळी दिली' म्हणून अनेकजण ते बंद करतात. येथे ते कमी मात्रेत, मज्जातंतू शांत करण्यासाठी देतात. या औषधांनी झोप येते, तोल जाऊ शकतो. म्हणून वृद्धांनी रात्री उठताना जपावे. हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असल्यास आधी सांगावे. औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये. पन्नाशीपुढील लोकांसाठी नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते. तिचे दोन डोस असतात. ती महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून पाहावे.

आमच्या कंडक्टरसाहेबांना रात्रीची गोळी सुरू केली. मुलाला समोर बसवून कापसाची परीक्षा पुन्हा करून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. दोन महिन्यांनी ते आले, तेव्हा अंगात मऊ सुती सदरा होता. दुखणे गेले नव्हते, निम्म्यावर आले होते. झोप लागत होती. म्हणाले, ''डॉक्टर, गोळीनं गुण आला हे खरं. पण आता घरात कोणी हसत नाही, त्यानं जास्त बरं वाटतं.''

तुमच्या घरातही कोणी 'कपडा लागला तरी दुखतं' म्हणत असेल, तर त्यांना हसू नका. दवाखान्यात घेऊन या.