लहानग्यांची अनामत

मुलांनो, लहान भावंडांच्या गमती पाहून कोणाला हसू येत नाही? कोणी अम्मीची ओढणी गुंडाळून नवरी बनते, कोणी शीरखुर्म्याच्या वाटीत तोंड बुडवते. अशा वेळी घरातील कोणीतरी चटकन मोबाईलवर फोटो काढते. इथवर ठीक आहे. पण पुढे काय होते?

समजा, ईदच्या दिवशी तुमच्या तीन वर्षांच्या भावाने नवे कपडे ओले केले. तो रडतो आहे, नाक वाहते आहे. तुम्ही तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवला. खाला हसल्या, मामू हसले. चुलतभावाने तो आपल्या मित्रांना पाठवला. एका मित्राने त्यावर थट्टेची ओळ लिहून तो पुढे धाडला. आता तो फोटो किती जणांकडे आहे, हे तुम्ही सांगू शकाल का? तुम्ही तो पुसलात, तरी ज्यांनी साठवून ठेवला त्यांच्याकडे तो राहतोच.

पूर्वी फोटो अल्बममध्ये असत. पाहुण्यांना दाखवून झाले, की अल्बम पुन्हा कपाटात जाई. इंटरनेटला असे कपाट नाही.

दहा वर्षांनी तुमचा भाऊ तुमच्याएवढा होईल. वर्गात कोणी तोच फोटो दाखवून त्याला चिडवले, तर त्याला काय वाटेल? आज त्याला 'नको' म्हणता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने तुम्हीच 'नको' म्हणायला हवे.

मुलांच्या अब्रूला कायद्यातही मान आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांचा करार मंजूर केला. मुलांच्या खाजगी जीवनात मनमानी ढवळाढवळ होऊ नये, त्यांच्या अब्रूवर घाला येऊ नये, असे त्याचे सोळावे कलम सांगते. भारताने १९९२ साली हा करार स्वीकारला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला.

म्हणून फोटो पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारा : माझा असा फोटो कोणी पाठवला असता, तर मला चालले असते का? आंघोळीचे किंवा उघड्या अंगाचे फोटो तर कधीच पाठवू नका. वाईट माणसे त्यांचा गैरवापर करतात. घरातील मोठी माणसे असा फोटो पाठवत असतील, तर अदबीने म्हणा, "अम्मी, हा फोटो आपल्यापुरताच ठेवा ना!"

उर्दूतील 'अमानत' हा शब्द मराठीत 'अनामत' झाला. अनामत म्हणजे दुसऱ्याची जपून ठेवायची वस्तू. लहानग्याचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असला, तरी चेहरा त्याचा आहे. ती त्याची अनामत आहे. तो मोठा होईपर्यंत ती सांभाळा.

शब्दार्थ
थट्टा – मस्करी
धाडणे – पाठवणे
अब्रू – इज्जत
अदबीने – नम्रपणे

स्वाध्याय
१. अल्बममधील फोटो आणि इंटरनेटवरील फोटो यांत कोणता फरक आहे?
२. लहान मुलांच्या वतीने मोठ्यांनी 'नको' का म्हणावे?
३. मराठीत आलेले पाच उर्दू शब्द शोधून लिहा.