हेरोदाचे नमन

शास्त्रभाग : मत्तय २:१–१२

नाताळ जवळ आला की आमच्या शब्बाथ शाळेत मागी लोकांच्या पोशाखाची शोधाशोध सुरू होते. कोणाची शाल येते, कोणी सोनेरी कागदाचा मुकुट करून आणतो. हेरोद होण्यासाठी तर मुलांमध्ये चढाओढच लागते, कारण त्याला मोठ्याने ओरडायला मिळते! परंतु आपल्या या शास्त्रभागातील हेरोद ओरडत नाही. तो मागी लोकांना गुप्तपणे बोलावतो, तारा केव्हा दिसला ते नीट विचारून घेतो आणि बालकाचा शोध लागल्यावर आपणही येऊन नमन करू, असे सांगतो. त्याचा संताप पुढे, १६ व्या वचनात येतो.

या बारा वचनांत नमनाचा उल्लेख तीनदा आहे. मागी लोक नमन करण्यासाठी आले (व. २), हेरोद नमन करीन म्हणाला (व. ८), आणि शेवटी मागी लोकांनी नमन केले (व. ११). मूळ ग्रीक भाषेत तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. म्हणजे हेरोदाच्या तोंडचा शब्द उपासनेचाच होता. त्या शब्दात काही खोट दिसत नाही. खोट अंतःकरणात होती.

आम्हांला मात्र हेरोदापेक्षा मुख्य याजक व शास्त्री यांचीच अधिक भीती वाटते. ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हावयाचा, हे विचारताच त्यांनी मीखा संदेष्ट्याच्या आधारे बरोबर उत्तर दिले. यरुशलेमेपासून बेथलेहेम सुमारे ९ किलोमीटर. पायी दोन-अडीच तासांची वाट. परके लोक दूर पूर्वेकडून आले, आणि शास्त्र पाठ असलेल्यांपैकी कोणी उठून गेल्याचे मत्तय सांगत नाही. शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. मागी किती होते, हे शास्त्र सांगत नाही. दाने तीन, म्हणून आपण तीन धरतो. ही माहिती मुलांना जरूर द्यावी, पण सगळा तास त्यात घालवू नये.

आता आपल्याकडे पाहू. आगमनकाळाचे चार रविवार आपण कशात घालवतो? रंग, पडदे, फराळ, आणि एकेरी गाणे कोणाला मिळाले यावरून रुसवेफुगवे. काहीजण म्हणतात, हे सारे बंदच करावे. तो उपायही पूर्वी करून झाला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत प्युरिटन लोकांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला होता. तो कायदा १६८१ साली रद्द झाला. दंडाने सण थांबत असेल, अंतःकरण शुद्ध होत नाही. मुलांनी तारे बांधावेत, करंज्याही व्हाव्यात. आमचा त्यांच्याशी वाद नाही.

आमची अडचण निराळी आहे. एका वर्षी आम्ही गीतफेरीच्या घरांची यादी केली. जेथे चहा-फराळ होतो आणि पाकीट बरे मिळते, ती घरे आपोआप वर आली. एका घरी त्या पावसाळ्यात कर्ता मुलगा वारला होता. ‘त्यांच्याकडे यंदा नाताळ नाही,’ असे म्हणून आम्ही ते नाव खोडले. त्यांना त्रास नको, हे कारण आम्ही पुढे केले. खरे म्हणजे तेथे जाऊन काय बोलावे, हे आम्हांला सुचत नव्हते. नाताळच्या उपासनेनंतर त्या घरची आजी दाराशी भेटली. म्हणाली, “रात्री तुमची पेटी ऐकू आली. मी दिवा लावून बसले होते. तुम्ही वरच्या गल्लीनं गेलात.”

रागावली नव्हती ती. आम्हांला मात्र त्या सकाळी गायिलेले प्रत्येक गीत आठवले.

तेव्हापासून यादी करायला बसण्यापूर्वी आम्ही हा शास्त्रभाग वाचतो, आणि मंडळीत त्या वर्षी कोणाकडे मृत्यू, आजार किंवा बेकारी आली, ते पाळकांना विचारतो. त्यांना आधी विचारून, त्यांची इच्छा असेल तर त्या घरांपासून फेरी सुरू करतो. तेथे पेटी-ढोलकी नेत नाही. एक गीत हळू आवाजात म्हणतो, प्रार्थना करतो आणि बसतो. पाकीट त्या घरी पुढे करीत नाही. मुलांनाही बरोबर नेतो. आजीकडे तीच मुले सर्वांत जास्त वेळ बसली होती.