ॲपच्या चाचणीत भाग घेऊ का?

प्रश्न : नैराश्यावरच्या मोबाइल ॲपच्या चाचणीसाठी विचारणा झाली आहे. गट चिठ्ठीने ठरणार म्हणे. ॲप मिळालंच नाही तर?

उत्तर : तसं होऊ शकतं. पण चिठ्ठीशिवाय गुण ॲपमुळे आला की आपसूक, हे कळत नाही. गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर अशीच चिठ्ठीने गट ठरवून चाचणी घेतली, पण ॲपची नव्हे, समुपदेशनाची. २०१७च्या निष्कर्षांनुसार, प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांच्या मदतीने तीन महिन्यांत ६४ टक्के रुग्ण सावरले. एरवीच्या उपचारांवर ३९ टक्के.

संमतीपत्र घरी नेऊन वाचा. सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. आणि रात्री-अपरात्री जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर फोन कोण उचलणार, हे विचाराच. याचं स्पष्ट उत्तर नसेल तर सही करू नका. चालू गोळ्या स्वतःहून थांबवू नका. चाचणी मध्येच सोडता येते, कारण न देताही.