जुने शीतकपाट कोठे जाते?

ओसाका शहरातील एका घरी नवे शीतकपाट आले आहे. दुकानाची दोन माणसे ते उचलून आणतात, जोडे दाराशी काढून आत येतात आणि स्वयंपाकघरात ते नीट बसवून देतात. परंतु परत जाताना ती रिकाम्या हातांनी जात नाहीत. पंधरा वर्षे त्या कुटुंबाचे अन्न ताजे राखून आता बंद पडलेले जुने शीतकपाट ती आपल्याबरोबर नेतात. त्यावर क्रमांक घातलेली एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तिची एक प्रत घरची गृहिणी जपून ठेवते. जुन्या वस्तूबद्दल तिला काही मिळत नाही. उलट तीच दुकानदाराला काही हजार येन मोजून देते!

महाराष्ट्रातील वाचकाला याचे नवल वाटेल. येथे जुनी वस्तू भंगारवाल्याला दिली, की चार पैसे हाती येतात. परंतु भंगारवाला मोल देतो ते तांब्यालोखंडाचे. शीतकपाटात तेवढेच नसते. त्याच्या नळ्यांतून थंडावा आणणारा वायू खेळत असतो. फार जुन्या शीतकपाटांत हा वायू क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचा असे. तो हवेत सुटला, म्हणजे हळूहळू फार उंच चढतो आणि सूर्याच्या घातक किरणांपासून पृथ्वीचे रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थराची हानी करतो. त्याच्या जागी पुढे आलेले कित्येक वायू ओझोनला अपाय करीत नाहीत, परंतु पृथ्वीची उष्णता वाढवितात. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या जाड काचेत तर शिसे असते. हा वायू आणि हे शिसे विकत घेणारा कोणी नसतो. तांब्याची नळी कापताच वायू निघून जातो आणि त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत राहत नाही. ओसाकातील गृहिणी पैसे मोजते, ते या न विकल्या जाणाऱ्या भागाची योग्य व्यवस्था लागावी म्हणून.

१९५० नंतरच्या दशकात जपानी लोकांनी दूरचित्रवाणी संच, धुलाईयंत्र आणि शीतकपाट या वस्तूंना मोठ्या कौतुकाने ‘तीन दिव्य रत्ने’ म्हटले होते. सम्राटाचा आरसा, तलवार व रत्न या तीन राजचिन्हांवरून हे नाव पडले. पुढे ही रत्ने घरोघरी झाली, आणि घरोघरी झालेली वस्तू एक दिवस घरोघरची अडगळ होते. डोंगराळ जपानात सपाट भूमी मुळातच थोडी. तीतही या अवजड वस्तू पुरण्यात जागा खर्ची पडू लागली.

म्हणून १९९८ साली तेथे घरगुती विद्युत्-उपकरणांच्या पुनर्वापराचा कायदा झाला आणि एप्रिल २००१ पासून तो अमलात आला. वातानुकूलन यंत्र, दूरचित्रवाणी संच, शीतकपाट व धुलाईयंत्र या वस्तूंना तो लागू आहे. खर्च वापरणाऱ्याने सोसावा, वस्तू दुकानदाराने परत घ्यावी आणि ती उकलून तिच्यातील उपयोगी द्रव्ये कारखानदाराने वेगळी करावीत, अशी त्यात वाटणी आहे.

या तिघांत दुकानदाराचे काम दिसण्यात लहान आहे. पण कारखानदाराला ग्राहकाचे घर ठाऊक नसते आणि ग्राहकाला कारखान्याची वाट ठाऊक नसते. दोघांनाही ओळखतो तो दुकानदारच. नवी वस्तू घेणाऱ्याची त्याच प्रकारची जुनी वस्तू त्याने नेलीच पाहिजे, मग ती मूळ कोठेही घेतलेली असो. त्याने स्वतः पूर्वी विकलेली वस्तू असेल, तर ग्राहक नवे काही घेवो वा न घेवो, मागणी होताच तीही परत घ्यावी लागते. घेतलेली वस्तू त्याने कारखानदाराने नेमलेल्या ठिकाणी पोहोचवावी आणि चिठ्ठीची प्रत ३ वर्षे जपावी. त्या क्रमांकावरून आपली वस्तू पोहोचली की नाही, याची चौकशी ग्राहकाला करता येते.

तेथून शीतकपाट पुनर्वापराच्या कारखान्यात जाते. कामगार आतील फळ्या हातांनी काढतात, नळ्यांतील वायू यंत्राने शोषून बंद टाकीत भरतात व काँप्रेसर सोडवितात. मग उरलेल्या सांगाड्याचे तुकडे होतात. लोखंड चुंबक ओढून घेतो. तांबे, ॲल्युमिनिअम व प्लॅस्टिक निरनिराळे निवडले जाते. आरंभी शीतकपाटाच्या वजनापैकी निदान ५० टक्के भाग पुन्हा उपयोगात आणावा, असे बंधन होते. २०१५ साली ते ७० टक्क्यांवर नेण्यात आले.

ही व्यवस्था निर्दोष मात्र नाही. टाकताना पैसे द्यावे लागतात, म्हणून ते चुकविण्यासाठी रात्री डोंगराच्या कडेला वस्तू लोटून देणारे लोक जपानातही आहेत. दुकानातून निघालेल्या जुन्या वस्तू वाटेतच भलतीकडे वळविल्याचे प्रकारही उघडकीस आले. युरोपीय संघाने दुसरी वाट धरली. तेथे नवी वस्तू विकताना दुकानदाराने तशीच जुनी वस्तू विनामूल्य घ्यावयाची असते. तसेच २०१२ च्या निर्देशानुसार, विद्युत्-उपकरणांच्या विक्रीची जागा ४०० चौरस मीटर वा अधिक असलेल्या दुकानांनी २५ सेंटिमीटरपेक्षा लहान जुनी उपकरणे काही खरेदी न करणाऱ्याकडूनही घ्यावीत, असा सर्वसाधारण नियम आहे.

भारतात या कचऱ्याविषयी पहिले स्वतंत्र नियम २०११ साली झाले. २०१६ च्या नियमांत, उत्पादकाने संकलनाचे काम सोपविलेल्या विक्रेत्याने दुकानात जुन्या वस्तूंसाठी पेटी अथवा राखीव जागा ठेवावी, असे सांगितले होते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी मुख्य भार उत्पादकावर टाकला आहे. दसरा-दिवाळीला ‘जुने द्या, नवे घ्या’ अशी पाटी अनेक दुकानांवर लागते आणि जुने शीतकपाट टेंपोत चढते. ते पुढे कोणाच्या हाती पडले, त्यातील वायूचे काय झाले, हे विचारण्यासाठी क्रमांकाची चिठ्ठी मात्र येथील गृहिणीच्या हाती सहसा नसते.