भाषण नेत्याचे, दगड कार्यकर्त्याचा

प्रश्न : आमच्या गावी प्रचारसभेत एका नेत्याने एका समाजाच्या दुकानदारांना ‘धडा शिकवा’ असे भाषण ठोकले. दोन दिवसांनी बाजारपेठेत दगडफेक झाली, माझ्या मेव्हण्याचे दुकान फुटले. ठाण्यात म्हणतात, ‘साहेब तेव्हा गावात नव्हतेच, गुन्हा कसा लावणार?’ हे खरे आहे का? (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : नाही. दगडफेकीच्या वेळी साहेब कुठे होते, हा मुद्दाच इथे गैरलागू आहे.

भारतीय न्याय संहितेचे कलम १९२ (जुने भा.दं.वि. १५३) दंगल घडावी म्हणून चिथावणी देण्याबद्दल आहे. दंगल झाली तर एक वर्षापर्यंत कैद. झालीच नाही तरी सहा महिन्यांपर्यंत. त्याहून वजनदार कलम १९६, म्हणजे जुने १५३-अ : धर्म, जात, भाषा वगैरेंवरून समाजांत वैर पसरवणे, तीन वर्षांपर्यंत कैद. तिथेही प्रत्यक्ष दंगल घडण्याची अट नाही.

सिद्ध करावा लागतो तो हेतू. इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी चंदीगडमध्ये खलिस्तानच्या घोषणा देणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निर्दोष सोडले : दोघांनी काही घोषणा दिल्या, लोकांनी लक्षही दिले नाही. नेत्याचे तसे नसते. अमिश देवगण प्रकरणात (२०२०) न्यायालयाने म्हटले की शब्दांबरोबर बोलणारा कोण, ऐकणारे कोण आणि प्रसंग कोणता, हेही पाहायचे. ज्याच्या शब्दाला वजन, त्याची जबाबदारी जास्त. सरकारवरची जहरी टीका मात्र या कलमांत बसत नाही. ‘धडा शिकवा’ बसेल की नाही, हे त्याच्या मागचे-पुढचे वाक्य ठरवील.

खरी अडचण कलमांची नाहीच. १९६ खाली न्यायालयाने दखल घ्यायची तर सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि नेता सत्तेतला असला की ती फाईल किती वेगाने हलते हे वाचकांना सांगायला नको. (गुन्हा नोंदवायला मंजुरी लागत नाही, १९२ ला तर ती मुळीच लागत नाही.) दुसरी अडचण न्यायालयाने दखल घेण्याच्या मुदतीची. ‘सामना’तील अग्रलेखांवरून बाळासाहेब ठाकरे यांना जुलै २००० मध्ये अटक झाली आणि मुदत उलटल्याच्या कारणावरून दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी खटला निकाली काढला. उलट माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना १९९२ च्या डिसेंबरातील भाषणाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली, पण निकाल यायला २००८ उजाडले.

म्हणून थांबू नका. १९२ ला एक वर्षाची मुदत आहे, १९६ ला तीन वर्षांची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती मोजताना फिर्याद नोंदवल्याची तारीख धरतात. भाषणाचे कापलेले तुकडे नकोत, संपूर्ण चित्रीकरण हवे. ते ज्या मोबाईलवर केले तो जपून ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा, पोच सांभाळा. तरीही हालचाल नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जा. द्वेषमूलक भाषणाची दखल तक्रारीची वाट न पाहता घ्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा सर्व राज्यांना २८ एप्रिल २०२३ चा आदेश आहे. त्याची प्रत अर्जाला जोडा.