पंचावन्न लिटरचा समुद्र आणि त्याचे धडे

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी ना कोणी सभासद आपल्या छंदाविषयी लिहितो. यंदा ही पाळी माझ्यावर आली आहे. माझा छंद लहान आहे. मोजूनच सांगायचे तर तो पंचावन्न लिटरचा आहे. माझ्या बालरुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात २०११ सालापासून खाऱ्या पाण्याचे एक काचेचे कुंड आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. खडकांनी व्यापलेली जागा वजा केली की आत जेमतेम पंचावन्न लिटर पाणी उरते. कुंड पाहताना मुले थोडा वेळ सुईची भीती विसरतात. एवढाच उपयोग असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. या कुंडाने माझ्याकडून दोन चुका करवून घेतल्या आणि त्या दोन्ही चुकांचा संबंध थेट आपल्या व्यवसायाशी आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वपीठिका

बंद काचेत जीवसृष्टी जगवण्याच्या कल्पनेला वैद्यकाची पार्श्वभूमी आहे. लंडनच्या ईस्ट एंड भागात वैद्यकी करणारे डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी बंद काचपेटीत वनस्पती वाढवण्याचे प्रयोग केले आणि १८४२ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ आले आणि समुद्रजीव घरी पाळण्याचा छंद इंग्लंडमध्ये पसरला.

आपणा बडोदेकरांनाही हा विषय सर्वस्वी परका नाही. ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचा भाग होता. तेथील सागरी जीवांचा अभ्यास जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाने केला आणि त्याचा बडोदे सरकारला सादर झालेला अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याच किनाऱ्याला लागून असलेल्या कच्छच्या आखातात आज सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. २०१० साली नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब नरारा येथे गेलो होतो. ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालत खडकांवरचे जिवंत प्रवाळ पाहता येतात. वाटाड्याने दाखवलेला प्रत्येक जीव पाहताना, यातील थोडेसे रोज डोळ्यांसमोर असावे अशी इच्छा मनात उत्पन्न झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. माझ्या कुंडात दगडी प्रवाळ नाही. २००१ सालापासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या अनुसूचीत वाघही आहे. किनाऱ्यावरून प्रवाळाचा मेलेला तुकडा खिशात घालून आणणे हाही गुन्हा ठरतो. म्हणून मी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक वापरले. त्यांवर कालांतराने शैवालाचे थर चढले. त्यांत क्लाउनफिशची एक जोडी, एक कोळंबी आणि काही गोगलगायी राहतात. क्लाउनफिशच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. त्यामुळे हा मासा पाळण्यासाठी तो समुद्रातूनच पकडला पाहिजे, असे आता राहिलेले नाही.

लहान पाणी अवघड का?

कुंड जितके लहान तितके सोपे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. आपल्या परिभाषेत सांगतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातून नऊ मिलिलिटर तपासणीसाठी घेतले तर त्याला ते जाणवतही नाही. एक किलो वजनाच्या अकाली जन्मलेल्या बाळाच्या अंगात मात्र अवघे नव्वद मिलिलिटर रक्त असते. तेथे तेच नऊ मिलिलिटर म्हणजे दहावा हिस्सा होतो. बाळाचे अवयव आपल्यासारखेच असतात. नसते ती गंगाजळी. समुद्र आणि कुंड यांतील फरक हाच आहे. समुद्रात एक गोगलगाय मेली तर कोणालाही पत्ता लागत नाही. कुंडात ती दोन दिवस नजरेआड राहिली तर अमोनियाने मासे तडफडू लागतात.

म्हणूनच या छंदात घाई वर्ज्य आहे. कृत्रिम सागरी मीठ आरओच्या पाण्यात विरघळवावे, लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस राखावे. त्यानंतर चार ते सहा आठवडे मासा न सोडता वाट पाहावी. या अवधीत खडकांच्या छिद्रांत जिवाणूंची वस्ती होते. त्यांतील एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. यकृत तयार होण्याआधी बाळाला अन्न भरवण्याचा प्रकार होऊ नये, म्हणून ही प्रतीक्षा. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि सामू जितका अधिक, तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक. त्यामुळे गोड्या पाण्यातील मासे निभावून नेतील असे प्रमाण येथे घातक ठरू शकते. पुढे दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे, खाणे बेताचे घालावे आणि वीज गेल्यास हवेचा पंप चालावा म्हणून बॅटरी ठेवावी. याहून मोठे रहस्य यात नाही.

पहिली चूक: न सांगितलेले

२०१२ सालच्या मे महिन्यात मी दोन आठवडे परगावी गेलो होतो. कुंडाची देखभाल आमच्या कंपाउंडरकडे सोपवली. तो वीस वर्षे माझ्याकडे होता, शब्दाचा पक्का आणि हाताचा स्वच्छ. निघताना मी त्याला एवढेच म्हणालो, “पाणी कमी झाले की भरत जा.” बडोद्याचा उन्हाळा आपणांस ठाऊक आहेच. पंख्याच्या वाऱ्याने रोज सुमारे अर्धा लिटर पाणी उडून जात असे. कुंडाखाली खाऱ्या पाण्याचे डबे तयार होते. समुद्राचे पाणी कमी झाले तर समुद्राचेच पाणी घालावे, असा सरळ विचार करून त्याने रोज त्यातून भर घातली.

परंतु उडून जाते ते पाणी. मीठ मागेच राहते. चौदा दिवसांत सात लिटर खारे पाणी म्हणजे सुमारे अडीचशे ग्रॅम जादा मीठ. मी परतलो तेव्हा क्षारता पस्तीसवरून चाळीसच्या जवळ पोहोचली होती. कोळंबी मरून पडली होती. तो शरमेने मान खाली घालून उभा होता. मला राग आला होता आणि तो मी त्याच्यावर काढला, हे कबूल केले पाहिजे.

त्याच आठवड्यात अतिसाराने आजारी असलेले आठ महिन्यांचे एक मूल दाखल झाले. रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीवर होते. आईला विचारले, तेव्हा कळले की एक लिटर पाण्यात घालायची ओआरएसची पुडी ती एका पेल्यात कालवून पाजत होती. २००२ सालापासून शिफारस असलेल्या द्रावणाची तीव्रता २४५ मिलिऑस्मोल आहे. तेच दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात कालवले की ती पाचपट होते, म्हणजे समुद्राच्या पाण्याहूनही अधिक. तिला कोणीतरी सांगितले होते, “ही पुडी पाण्यात घालून पाजा.” पाणी किती, हे सांगितले नव्हते.

सुदैवाने ते मूल बरे झाले. मात्र त्या रात्री मला माझे स्वतःचे वाक्य आठवले. कंपाउंडरला मी दिलेली सूचना आणि त्या आईला मिळालेली सूचना यांत काहीही अंतर नव्हते. ऐकणाऱ्याने दोन्ही ठिकाणी सांगितल्याबरहुकूम केले होते. दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली आणि कुंडावर आतल्या पाण्याच्या पातळीची खूण करून तेथे चिठ्ठी लावली: “फक्त साधे आरओचे पाणी, या रेघेपर्यंत.” तेव्हापासून ओआरएस देताना आईच्या हातातले भांडे पाहिल्याशिवाय मी तिला घरी पाठवत नाही. बाजारात एक लिटरच्या आणि दोनशे मिलिलिटरच्या, अशा दोन्ही पुड्या मिळतात. म्हणून पुडीवरचा आकडाही तिला दाखवतो.

दुसरी चूक: न विचारलेले

ही अधिक गंभीर आहे. २०१४ सालच्या हिवाळ्यात कंपाउंडरच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर जांभळट गाठ आली. मी ती पाहिली, जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविक दिले. दहा दिवसांनी दुसरे दिले. छेद घेतला, पण पू निघाला नाही. “साहेब, आ मटतुं नथी,” असे तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा मी धीर धरायला सांगितले. दोन महिन्यांत मनगटापासून कोपरापर्यंत एका ओळीत आणखी तीन गाठी उठल्या. ट्युबर्क्युलिन चाचणी सकारात्मक आली. आपल्या देशात अशा वेळी मनात जे येते तेच माझ्याही मनात आले. त्वचेचा क्षय समजून चार औषधांचा उपचार सुरू करण्याच्या मी बेतात होतो.

तत्पूर्वी आपल्याच संस्थेतील एका त्वचारोगतज्ज्ञ मित्राला हात दाखवला. त्यांनी गाठीकडे पाहण्याआधी त्याला विचारले, “तुमचे हात दिवसभर कशात असतात?” तो म्हणाला, “औषधांत, आणि शुक्रवारी साहेबांच्या कुंडात.” खडकावरचे शैवाल खरवडताना तीन आठवडे आधी त्याच बोटाला खरचटले होते.

निदान झाले मायकोबॅक्टेरियम मरीनम. हा जंतू १९२६ साली ॲरॉन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मृत सागरी माशांतून वेगळा केला. माणसातील आजाराचे वर्णन १९५१ साली स्वीडनमध्ये झाले. तेथे त्याचा उगम पोहण्याचा तलाव होता. गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत तो आढळतो. तो तीस अंशांच्या आसपास उत्तम वाढतो आणि सदतीस अंशांना नीट वाढत नाही. म्हणूनच तो हातापायांच्या थंड त्वचेत राहतो आणि म्हणूनच प्रयोगशाळेला आधी सांगितले नाही तर संवर्धनात हाती लागत नाही. ऊतीच्या तपासणीत ग्रॅन्युलोमा दिसला, आम्लरोधी जंतू दिसले नाहीत. तीस अंशांवरील संवर्धनात मात्र तो वाढला. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या दोन औषधांना तो मुळातच दाद देत नाही. म्हणजे मी योजलेल्या चारांपैकी दोन औषधे व्यर्थ गेली असती.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एथॅम्ब्युटॉल सुरू केले, डोळ्यांची तपासणी करत राहिलो. गाठी विरल्यानंतरही महिनाभर औषधे चालू ठेवली. एकूण पाच महिने लागले. बोट वाचले, वण राहिला.

मला खरी बोच वेगळीच आहे. कुंडात काम करताना मी स्वतः लांब चिमटा वापरत असे. त्याला मात्र तीन वर्षांत हातमोजे दिले नव्हते. ज्या पाण्यातून आजार आला ते पाणी माझे, ज्या खडकावर हात खरचटला तो मी ठेवलेला, आणि तरीही दोन महिने मी त्या हाताला विचारले नाही की तू कशात बुडतोस. रोगी अनोळखी असता तर कदाचित विचारले असते. तो रोज डोळ्यांसमोर होता, म्हणून प्रश्न सुचला नाही.

सहव्यवसायींसाठी चार टिपणे

घरी, दुकानांत आणि उपाहारगृहांत मत्स्यकुंडे आता सर्रास दिसतात. म्हणून अनुभवाने सांगावेसे वाटते.

१. हातावर न भरणारी गाठ किंवा ओळीने उठलेल्या गाठी दिसल्यास व्यवसायाबरोबर छंदही विचारावा: मासे, कुंड, कोळंबी सोलणे, मासळीचा काटा रुतणे. ऊती संवर्धनासाठी पाठवताना “तीस अंशांवरही ठेवावे” अशी सूचना लेखी द्यावी.

२. यकृताचा जुनाट आजार असलेल्या रुग्णाने खाऱ्या पाण्यात जखमी हात घालू नये. व्हिब्रिओ व्हल्निफिकसचा संसर्ग त्याला काही तासांत अत्यवस्थ करू शकतो.

३. बटणासारखे दिसणारे झोअँथिड जातीचे जीव काही छांदिष्टांच्या कुंडांत असतात. त्यांच्यातील काहींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. ते पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप बिघडवते आणि साध्या उष्णतेने नष्ट होत नाही. अशा खडकावर उकळते पाणी ओतले की वाफेबरोबर ते श्वासात जाते. अमेरिकेतील अलास्का राज्यात २०१२ ते २०१४ या काळात असे संशयित प्रसंग नोंदले गेले आहेत. उतारा नाही, आधारभूत उपचार हाच मार्ग. घरातील अनेकांना एकाच वेळी ताप, खोकला आणि तोंडात धातूसारखी चव आल्यास कुंड धुतले का, हे विचारावे.

४. कुंड साफ करणाऱ्या प्रत्येकाला लांब हातमोजे द्यावेत, आणि प्रथम ते आपल्या नोकरमाणसांना द्यावेत.

समारोप

कुंड आजही प्रतीक्षाकक्षात आहे. क्लाउनफिशची जोडी खडकाच्या एका कोपऱ्यावर हक्क सांगत असते. कंपाउंडर २०१९ साली निवृत्त झाला. त्यानंतरही अधूनमधून येतो आणि आत शिरताच प्रथम पाण्याची रेघ पाहतो. त्याच्या जागी आलेल्या मुलाला हातमोजे कोठे ठेवले आहेत, हे त्यानेच दाखवले.

मोठ्या पाण्यात आपल्या पुष्कळ चुका विरून जातात. लहान पाण्यात त्या लगेच वर येतात. आपल्यापुढे येणारे रुग्ण, विशेषतः लहान मुले आणि हातावर पोट असलेली माणसे, अशीच लहान पाण्याची असतात. त्यांच्याजवळ चूक पचवण्याइतकी शिल्लक नसते. त्यांना सांगायचे ते मापासह सांगावे आणि विचारायचे ते आधी विचारावे. माझ्या छंदाने मला दिलेला धडा एवढाच. तो आपल्यापुढे ठेवून रजा घेतो.