एलईडी दिव्याची उष्णता आणि द्रवाने थंड करण्याची पद्धत
(छोट्या कारखानदारांसाठी व वायरमन बंधूंसाठी)

मुळशी तालुक्याचा आणि विजेचा संबंध जुना आहे. मुळा नदीवरील धरणाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला जाते आणि १९२७ सालापासून तेथे वीज तयार होते. याच धरणात गावे आणि शेते बुडाली, म्हणून १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. ज्या विजेची एवढी किंमत मोजली गेली, ती जपून वापरणारा दिवा म्हणजे एलईडी. पण हा दिवा विजेची बचत करीत असला तरी उष्णतेपुढे तो नाजूक आहे. पिरंगुट, उरवडे, भूगाव या भागातील पत्र्याच्या शेडमध्ये दिवे जोडणारे, विकणारे आणि दुरुस्त करणारे पुष्कळ तरुण आहेत. त्यांनी ही गोष्ट मुळापासून समजून घ्यावी, यासाठी हा लेख.

उष्णता येते कोठून?

जुना तारेचा बल्ब घेतलेल्या विजेपैकी फार थोड्या भागाचा उजेड करीत असे. बाकीची उष्णता तो किरणांच्या रूपाने समोर फेकून देई. बल्ब भाजत असे, पण त्याला स्वतःला त्याचा त्रास नसे. तार तापूनच तर उजेड पडत होता. एलईडीचे तसे नाही. त्यात ढोबळमानाने ३०-४० टक्के विजेचा उजेड होतो आणि उरलेली वीज चिपमध्येच उष्णता होऊन बसते. ती समोर फेकली जात नाही. चिपखालच्या अॅल्युमिनियमच्या पाटीतून, तेथून दिव्याच्या अंगातून, आणि शेवटी हवेत, अशी पायरी पायरीने तिला बाहेर काढावी लागते. एक पायरी जरी अडली तरी चिप तापते, उजेड कमी होतो आणि रंग बदलतो.

बहुतेक वेळा मात्र चिपच्या आधी ड्रायव्हर मरतो. ड्रायव्हरमधील कपॅसिटरचा नियम कारागिरांनी पाठच करून ठेवावा: दर १० अंश तापमान वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते. गिऱ्हाईक म्हणते, 'दिवा सहा महिन्यांत गेला.' दिवा खोलून पाहावा तर चिप शाबूत आणि कपॅसिटर फुगलेला.

हिशेब कसा करावा?

समजा, १०० वॅटचा शेडचा दिवा आहे आणि त्यातील ६० वॅट उष्णता होते. चिपपासून दिव्याच्या अंगापर्यंत दर वॅटला ०.४ अंश, आणि अंगापासून हवेपर्यंत दर वॅटला ०.६ अंश वाढ होते. ६० ला ०.४ ने गुणले की २४ अंश, ६० ला ०.६ ने गुणले की ३६ अंश; एकूण ६०. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालची हवा ५० अंश धरली तर चिप ११० अंशांवर जाते. आता पंखांचा म्हणजे फिनचा पसारा वाढवून दुसरा आकडा ०.६ वरून ०.३ वर आणला तर वाढ ४२ अंशांची होते आणि चिप ९२ अंशांवर येते. दिवा तोच, चिप तीच, आयुष्यात मात्र मोठा फरक. दुकानातील पंख्याखाली तपासलेला दिवा शेडच्या आढ्याला का टिकत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

खांबावरचा गुरू

द्रवाने थंड करण्याची पद्धत पाहण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. पौड रस्त्याला लागून खांबांवर ट्रान्सफॉर्मर आहेत, ते पाहावेत. त्यांच्या टाकीत तेल असते. आतील गुंडाळी तापली की तेल तापते, हलके होऊन वर चढते, बाजूच्या नळ्यांत किंवा पंखांत शिरून हवेने थंड होते आणि खाली उतरते. पंप नाही, मोटर नाही. हे तेल वीजही अडवते, म्हणून गुंडाळीला ते चालते. नळाचे पाणी तेथे चालणार नाही.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर आणखी दोन गोष्टी दिसतात. वर एक छोटी आडवी टाकी असते, कारण तापलेले तेल फुगते व त्याला जागा लागते. शेजारी सिलिका जेलचा ब्रीदर असतो, कारण हवेतील ओल तेलात गेली तर तेल नासते. मुळशीच्या आणि ताम्हिणीच्या पावसात निळे जेल गुलाबी व्हायला वेळ लागत नाही. द्रव भरलेला दिवा करू पाहणाऱ्याने हे दोन्ही धडे येथेच घ्यावेत. तेल ५० अंशांनी तापले तर सुमारे साडेतीन टक्के फुगते. काठोकाठ भरून बंद केलेली काच तेवढ्याने फुटू शकते किंवा सील गळते.

दिव्यातील द्रवाचे तीन प्रकार

१) भरलेला दिवा. यात चिप थेट तेलात बुडवतात. अमेरिकेत २००९ साली पॅराफिन तेलाचा 'हायड्रालक्स' बल्ब विक्रीस आला. पुढे 'स्विच' नावाच्या कंपनीने सिलिकॉन द्रवाचे बल्ब काढले. ती कंपनी २०१४ साली बंद पडली. त्या काळात एलईडीचे भाव झपाट्याने उतरत होते. आपल्याकडे सरकारी 'उजाला' योजनेतील बल्बचा खरेदी भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. असा भाव असताना तेल, काच आणि सील यांचा खर्च घरगुती बल्बला झेपत नाही. शिवाय तेलाची उष्णता वाहण्याची शक्ती हवेच्या सुमारे पाचपट असली तरी अॅल्युमिनियमपुढे ती नगण्य आहे. तेलाचा सारा फायदा त्याच्या वाहण्यात आहे. आणखी एक धोका असा की, चिपवरील सिलिकॉनचे आवरण काही तेलांत फुगते आणि रंग बिघडतो.

२) हीट पाइप. तांब्याच्या बंद नळीत थोडासा द्रव असतो. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचे पाणी होते आणि नळीच्या आतील जाळीतून ते परत येते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली हिला आजचे रूप दिले. लॅपटॉपमध्ये हीच नळी असते. उंच शेडच्या दिव्यांसाठी ही पद्धत सर्वांत व्यवहार्य आहे, कारण गळती आणि देखभाल जवळजवळ नसते. नळी तयार विकत घ्यावी, घरी भरू नये.

३) पंपाने फिरणारे पाणी. छपाईची शाई वाळवणाऱ्या यूव्ही-एलईडी यंत्रांत लहान जागेत फार मोठी उष्णता असते. तेथे चिपमागच्या धातूच्या ठोकळ्यातून पाणी फिरवतात. पाणी चिपला शिवत नाही. पंप, नळ्या, रेडिएटर आणि पाणी बदलणारा माणूस असेल तेथेच ही पद्धत घ्यावी. पंप बंद पडताच दिवा बंद करणारा स्विच हवाच.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. द्रव उष्णता नाहीशी करीत नाही, फक्त ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. शेवटी ती हवेतच सोडावी लागते. पंख लहान ठेवून द्रवाच्या नावाने दिवा विकणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक होय.

आमचा सल्ला

९-१० वॅटच्या बल्बला द्रवाच्या वाटेला जाऊ नये. चांगली अॅल्युमिनियमची पाटी, थर्मल पेस्टचा पातळ व सारखा थर, १०५ अंशांचा कपॅसिटर, आणि ड्रायव्हरला त्याच्या ताकदीपेक्षा थोडे कमी काम, एवढे पुरेसे आहे. शंभर वॅटच्या पुढे आणि गरम शेडसाठी हीट पाइपचा विचार करावा.

तपासणी काउंटरवर नको. दिवा ज्या बंद फिटिंगमध्ये बसणार त्यातच चार-सहा तास जाळून थर्मोकपलने माप घ्यावे. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अॅल्युमिनियमवर खोटा कमी आकडा दाखवतो; तेथे काळी टेप चिकटवून मग मोजावे. आकडे वहीत लिहावेत. विक्रीसाठी बल्ब तयार करणाऱ्याला आयएस १६१०२ प्रमाणे तपासणी आणि भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. यंत्रे आणि मापाची साधने दोघातिघांनी भागीदारीत घेतली तर व्याजाच्या कर्जाची गरजही पडत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले निघाले. ते ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. काउंटरवर लखलखणारा आणि आतून तापून मरणारा दिवा ही तशीच रास आहे. ओल हाताला लागते, उष्णता मापाने कळते. हात घालून पाहण्याचे काम गिऱ्हाइकावर न टाकता विकणाऱ्याने स्वतः केले, तर गॅरंटीचा कागद ही अमानत ठरते आणि अशा धंद्यात, इन्शाअल्लाह, बरकतही असते.